पाळणाघरातून न हरवलेल्या मुलांबाबत

प्रति,
मा. विभाग प्रमुख,
महिला व बालकल्याण विभाग,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला
(जिन्याखालच्या आवक खिडकीत न देता समक्ष हाती देण्यासाठी)

विषय : आमच्या गल्लीतील पाळणाघरातून नाहीशी झालेली मुले आपापल्या घरी सुखरूप असल्याबाबत, तसेच सदर पाळणाघर पूर्वीच्या खोलीत परत आणण्याबाबत.

संदर्भ : १) पाळणाघराच्या सेविकेस आपल्या विभागाने बजावलेली 'कारणे दाखवा' नोटीस.
२) खिडकी क्रमांक तीन, पाच आणि पुन्हा तीन येथे झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

मी अर्जदार रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालण्याचे काम करते. मला दीड वर्षाची एक मुलगी आहे. हा अर्ज जेवणाच्या सुट्टीत, घड्यांच्या टेबलावर, जसा वेळ मिळाला तसा लिहिला आहे. अक्षर मध्ये मध्ये बदललेले दिसेल. ते दुसऱ्या कोणाचे नाही. मुलगी मांडीवर असताना माझे अक्षर तसे येते. तिसऱ्या पानावरची आडवी रेघ तिने ओढली आहे, ती मजकुराचा भाग समजू नये. अर्जात जे लिहिले आहे ते सांगताना मला लाज वाटते. तरी सर्व क्रमाने लिहिते, म्हणजे आपणास परत विचारावे लागणार नाही.

१. आमच्या गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीखाली एक खोली आहे. तिथे आपल्या विभागाचे पाळणाघर होते. खोली लहान, खिडकी एक, भिंतीवर बदकांची रांग रंगवलेली. शेवटच्या बदकाची चोच गेली आहे, कारण मुले खाऊचे हात नेमके तिथेच टेकतात आणि ते रोज पुसावे लागते. सेविकाबाईंना गल्लीत लहानथोर सगळे मावशी म्हणतात, म्हणून पुढे तसेच लिहिते. पाळणाघराची वेळ आपल्या नियमाप्रमाणे दहाची आहे. मावशी उजाडताच दार उघडत, कारण धुलाईघराची पहिली पाळी तेव्हा लागते. हे त्यांनी नियमाबाहेर केले हे खरे, पण कृपया त्याची वेगळी नोटीस काढू नये.

माझी मुलगी दुपारी झोपत नाही. मावशी तिचे तळपाय हलके हलके थोपटतात, तेव्हाच झोपते. मी घरी तेच करून पाहते. माझ्या हाताला ती फक्त हसते.

२. असे असूनही मावशींकडे मुले मोजकीच होती. गल्लीत घरटी लेकरू आहे, पण "घरात सासू धडधाकट असताना पोर सरकारी खोलीत टाकली" असे म्हणवून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. मी तरी काय वेगळी? माझ्या सासूबाईंचे गुडघे गेले आहेत, पळत्या पोरीमागे त्यांना जाता येत नाही. त्या ते मान्य करत नाहीत, आणि मी ते बाहेर बोलत नाही. त्यामुळे मी मुलीला घेऊन मागच्या बोळाने जात असे. कोणी भेटलेच तर "डोस पाजायला नेते" असे सांगत असे. एकदा गिरणीवाल्या काकूंनी मला थांबवून म्हटले, "अगं, रोज डोस पाजतेस, ही पोर आता दगड पचवेल!" मी हसून पुढे गेले. जी खोली माझे घर चालवत होती, तिचे नाव मी चारचौघींत कधी घेतले नाही. पुढे जे झाले त्याचे मूळ इथे आहे असे मला वाटते.

३. रोज किमान पंधरा मुले आली नाहीत तर पाळणाघर बंद होते, हा आपला नियम आहे. येत्या मंगळवारी तपासणी होणार, असे पत्र आले तेव्हा मावशी दारोदार फिरल्या. प्रत्येक घरी उंबऱ्यावरच बसल्या, प्रत्येक बाळाला नावाने हाक मारली, आणि म्हणाल्या, "पाठवून तर बघा. नाही रमलं तर मी स्वतः कडेवर घेऊन घरी आणून सोडीन." सगळ्या म्हणाल्या, "पाठवू की हो मावशी!" आमच्या गल्लीत 'पाठवू की' म्हणजे नाही, हे मला माहीत होते. मावशींना नव्हते.

खोली बंद झाली तर माझी नोकरी जाणार. म्हणून संध्याकाळी कपडे वाळत घालताना मीच विषय काढला. म्हटले, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. पोरं उसनी द्या, मोजणी झाली की घेऊन जा. मावशींना कळू द्यायचे नाही असेही मीच ठरवले. कारण मावशींना कळते तर त्यांनी दारातच साहेबांना सांगून टाकले असते. खिडकीची काच एकदा फुटली होती. वाऱ्याने फुटली असे सगळ्या जणी शिकवत असताना त्यांनी आपल्याच कार्यालयाला कळवले होते की माझ्या हातून फुटली. अशा बाईला कटात घेता येत नाही.

४. मंगळवारी काय घडले ते आपल्या तपासणीस मॅडमनी अहवालात लिहिले असेल. पण त्यांनी जे पाहिले आणि आम्ही जे केले, त्यात फरक आहे.

आम्हा प्रत्येकीला वाटले की बाकीच्या ऐन वेळी कच खाणार. म्हणून जिने तिने एकाच्या जागी दोन, तीन मुले आणली. कोणी बहिणीची आणली, कोणी भाडेकरूंची. गिरणीवाल्या काकूंनी पीठ न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाची जुळी आणली. चौथीत शिकणारी एक मुलगी पाळण्यात, गुडघे हनुवटीला लावून, डोळे मिटून पडली होती. तिला मॅडमनी हळूच पांघरूण घातले, तेही तिच्या पोटरीपर्यंतच आले. खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. मॅडमनी दोनदा मोजले आणि बेचाळीस लिहिले. त्यांतली पाच-सहा मुले रांगत बाहेर उन्हात जाऊन परत आत आली होती, ती दोनदा मोजली गेली असावीत.

मॅडमनी एका मुलाला विचारले, "तुला इथे काय आवडतं?" तो म्हणाला, "मी आजच आलोय. गप्प बसलो तर बिस्किट आहे." मॅडम म्हणाल्या, "या वयात प्रत्येक दिवस पहिलाच वाटतो." आम्ही सगळ्या मोठ्याने हसलो.

त्या गर्दीत मावशी घामाघूम होऊन एकीचे नाक पुसत होत्या, दुसऱ्याला पाणी पाजत होत्या. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझे मनगट दाबले आणि कानात म्हणाल्या, "बघितलंस? मी म्हणत नव्हते? नीट विचारलं तर येतात गं बायका." महोदय, मी "हो ना मावशी" म्हटले. या अर्जातले बाकी सगळे मी एकवेळ विसरेन, पण ते "हो ना मावशी" विसरणार नाही.

५. तपासणीस मॅडमबद्दल माझी काहीही तक्रार नाही, याची नोंद घ्यावी. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "माझी मुलगी मी ऑफिसात, फायलींच्या कपाटामागे झोपवून वाढवली आहे. एवढी मुलं या कोंदट खोलीत? हे मी चालू देणार नाही." आम्हाला वाटले, बोलतात तसे बोलल्या. टाकीखालचा दिवा गेला तेव्हा आम्ही अर्जावर अर्ज दिले होते, आणि दिवा लागेपर्यंत एक बाळ अंधारातच चालायला शिकले. त्यामुळे इतक्या तत्परतेची आम्हाला सवय नव्हती. त्याच संध्याकाळी आपली माणसे आली, पाळणे, चटया, खेळणी टेम्पोत चढवली आणि खोलीला कुलूप लावून मोहोर केली. कारण लिहिले, बालकांच्या सुरक्षिततेस्तव. मावशी टेम्पोत पुढे बसल्या आणि आम्हाला हात करून म्हणाल्या, "उद्या तिकडे या गं! मोठी जागा आहे!"

६. जागा खरोखरच मोठी आहे. बसडेपोच्या पलीकडचे, तिसऱ्या मजल्यावरचे बहुउद्देशीय सभागृह. तिथे जायला मोठा रस्ता ओलांडावा लागतो, आणि जिन्याला एका बाजूने कठडा नाही. सभागृहाची किल्ली करवसुली विभागाकडे असते, ती दहाला येते. माझी पाळी तोवर अर्धी होते. छत इतके उंच की पाळण्याचे दोर आकड्यांपर्यंत पुरत नाहीत, म्हणून पाळणे जमिनीवरच ठेवले आहेत. जी मोजकी मुले खरोखर रोज येत होती, तीही या कारणाने येईनाशी झाली. माझी मुलगी त्यांतलीच.

तिला मी सध्या धुतलेल्या चादरींच्या ढकलगाडीत ठेवते. ऊबदार असते, ती रमते. पण परवा मी इस्त्रीच्या बाजूला गेले असताना गाडीवाल्याने न बघता गाडी उचलून नेली, आणि माझी मुलगी चादरींखाली झोपलेली, दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात पोचली. परिचारिकेने चादर उचलली तेव्हा ती जागी झाली आणि हसली, असे सांगतात. मी जिन्यात होते. मला ते हसणे दिसले नाही. मुकादम म्हणाले, "हे रुग्णालयाचं कापड आहे, पाळणा नाही. सोमवारनंतर ही पोरगी दिसली तर तू दिसू नकोस." त्यांचेही चूक नाही.

७. मावशी मात्र रोज जातात. किल्ली येईपर्यंत जिन्यात बसतात. मग केर काढतात आणि बेचाळीस चटया अंथरतात, कारण आदेशात बेचाळीस आहे. संध्याकाळी गुंडाळतात. आपल्या कार्यालयाने पुन्हा तपासणी केली तेव्हा चटया होत्या, मूल एकही नव्हते. त्यावर मावशींना नोटीस आली की पटावरील बेचाळीस बालके कोठे गेली याचा खुलासा सोमवारपर्यंत करावा, अन्यथा प्रकरण पोलिसांकडे सोपविण्यात येईल.

हे निस्तरावे म्हणून मी रजा काढून आपल्या कार्यालयात आले. खिडकी तीनवरच्या गृहस्थांना म्हटले, पाळणाघर जुन्या खोलीत परत द्या. ते म्हणाले, "त्या खोलीत वीसच मावतात. बाकीच्या मुलांची पर्यायी सोय दाखवा, मग बघू."

"बाकीची मुलं नाहीतच हो."

"नाहीत म्हणजे हरवली. हरवलेल्यांचं खिडकी पाच."

खिडकी पाचवरच्या बाईंनी मुलांची वर्णने मागितली. मी म्हटले, हरवली नाहीत, घरी जेवताहेत. त्या म्हणाल्या, "मग सापडल्याचं लिहून द्या, पण ज्यांची नोंद हरवल्याची नाही ती सापडली कशी म्हणणार? आधी हरवल्याचं लिहा." मी पेन हातात घेतले होते, महोदय. एका क्षणासाठी मला तेही सोपे वाटले. मग पुन्हा खिडकी तीनवर गेले, तर जेवणाची सुट्टी झाली होती.

माझे यजमान ट्रकवर असतात. त्यांना फोनवर सगळे सांगितले तर म्हणाले, "आता आपल्यालाच बेचाळीस करावी लागणार म्हण की." मला हसू आले आणि त्याच्या मागोमाग रडू आले. सासूबाईंनी पलीकडच्या खोलीतून विचारले, काय झाले? मी सांगितले, कांदा. घरात कांदा नव्हता.

८. आता ज्यासाठी हा अर्ज लिहिला ते लिहिते.

नोटीस आली तेव्हा मावशी ती घेऊन माझ्याकडेच आल्या. त्यांना लिहिता येते, पण म्हणाल्या, "माझी भाषा अर्जाची नाही गं. तू शिकलेली, तू लिही." मी म्हटले, काय लिहू? मला वाटले आता त्या विचारतील, की बाई, ती पोरं होती तरी कुणाची? ते त्यांच्या मनातही नव्हते. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन, तिचे तळपाय थोपटत त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"लिही, मुलांचा दोष नाही. आयांचाही नाही. त्या बिचाऱ्या एक दिवस भरवशाने आल्या, माझी पद्धत बघितली, आणि त्यांना पटली नाही. मी मारत नाही, पण माझा आवाज मोठा आहे. लहान खोलीत तो जास्तच मोठा होतो. बाळं दचकली असतील." मग मला विचारले, "तू तर होतीस ना तिथे? मी कुणावर ओरडले होते का गं त्या दिवशी?" मी म्हटले, नाही मावशी. त्या म्हणाल्या, "तुला माझी माया आहे म्हणून तू नाहीच म्हणशील." आणि मग, "शेवटी लिही की मी स्वखुशीने काम सोडते. म्हणजे दुसरी कोणी चांगली बाई येईल, आणि बायका परत येतील."

मी 'स्वखुशीने' लिहिले. माझ्याच अक्षरात आहे. मुलगी तोवर त्यांच्या मांडीवर झोपली होती, म्हणून त्यांनी तिला हलू न देता, सावकाश सही केली. तो कागद कार्यालयात द्यायला त्यांनी माझ्याचकडे ठेवला, कारण मी 'तिकडचे सगळे ओळखते'.

त्या गेल्यावर मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले, सांगायला. त्या बोळात वळून म्हणाल्या, "अगं, पोरगी एकटी आहे आत, जा." मी आत आले.

९. एक गोष्ट मात्र खरी आणि चांगली घडली आहे, तीही नोंदवते. उसन्या आणलेल्या मुलांना त्या दिवशी मावशींनी एकेकाला पाळण्यावर झोका दिला होता. तेव्हापासून माझ्या शेजारणीचा मुलगा रोज सकाळी चपला घालून दारात उभा राहतो आणि विचारतो, "आज तपासणी आहे का?" असे एकट्या तिच्याच घरी होत नाही. नोटिशीची बातमी कळल्यावर मी पुन्हा कपडे वाळत घालण्याच्या जागी गेले आणि या वेळी वेगळे विचारले, की रोज, खरोखर पाठवाल का? मग गिरणीवाल्या काकू म्हणाल्या, "लिही माझ्या नातीचं नाव. आणि मी पुढच्या रस्त्यानेच घेऊन जाईन, डोस-बिस काही सांगणार नाही." त्यानंतर बाकीच्यांनी लिहायला सांगितले. आज खरोखर येतील अशी मुले नियमापेक्षा चारने जास्त आहेत. ती गल्लीतलीच आहेत, पाळण्यात मावतील एवढ्याच वयाची आहेत, आणि एक सोडून प्रत्येकाच्या आईने स्वतः सही केली आहे.

तरी आपणास हात जोडून पुढीलप्रमाणे विनंती आहे :

(अ) टाकीखालच्या खोलीची मोहोर काढून पाळणाघर तिथे पूर्ववत सुरू करावे. मोजायला आपण कधीही यावे. कळवून येऊ नये.

(आ) बेचाळीस मुलांचा शोध थांबवावा. त्यांतल्या एकानेही पोलीस दारात आलेला बघू नये असे वाटते. विशेषतः चौथीतली मुलगी घाबरून आहे, तिला वाटते पाळण्यात झोपल्याबद्दल पकडतात.

(इ) तपासणीस मॅडमवर ठपका ठेवू नये. त्यांना फसवले गेले, आणि त्या फसल्या त्या चांगल्या मनाने फसल्या. त्यांच्यापुढे उभे राहून माफी मागायची माझी तयारी आहे. बोलावतील तेव्हा येईन. पाळीच्या वेळेत असले तरी येईन.

(ई) जी काही शिक्षा असेल ती मला द्यावी. कल्पना माझी होती. बाकीच्या जणींची नावे मी सांगणार नाही. गिरणीवाल्या काकूंचा उल्लेख वर झाला आहे, तो त्यांनीच "घाल गं" म्हटले म्हणून.

(उ) शेवटची विनंती नियमात बसते की नाही ते मला ठाऊक नाही. मावशींचा नोकरी सोडण्याचा खुलासा मी दाखल केलेला नाही. तो आपल्याकडे कधी आलाच नाही असे समजावे. आणि पाळणाघर परत आणण्याचा आदेश जेव्हा निघेल, तेव्हा त्यात खरे कारण लिहू नये. त्या दिवशी आलेली मुले उसनी होती, हे मावशींना आदेशात वाचावे लागू नये. ते मी त्यांना स्वतः सांगणार आहे. त्यांच्या खोलीत, बदकांच्या भिंतीशी बसून, मुले झोपल्यावर सांगणार आहे. त्या आधी ती खोली त्यांची त्यांना परत मिळालेली असावी, आणि सकाळी दारात मुले आलेली असावीत, एवढीच माझी इच्छा आहे. नुसते ऐकून त्या उठून निघून जातील. मांडीवर मूल झोपलेले असले तर त्यांना उठता येणार नाही.

तोपर्यंत आदेशात फक्त 'प्रशासकीय कारणास्तव' असे लिहावे. ते शब्द वाचल्यावर पुढे का म्हणून कोणी विचारत नाही, हे आम्ही सगळ्या जणी आपल्याच कार्यालयाकडून शिकलो आहोत.

वेळ घेतल्याबद्दल क्षमा असावी. सुट्टी संपल्याची घंटा झाली आहे आणि मुलगी चादरीखालून पाय बाहेर काढते आहे.

आपली नम्र व लज्जित,
(सही)
धुलाईघरातील घडीवाली

दिनांक : सोमवारच्या आधीचा शुक्रवार

सोबत :
१. 'कारणे दाखवा' नोटिशीची प्रत.
२. मुले खरोखर पाठवणार असलेल्या आयांच्या सह्या. (एक अंगठा आजीचा आहे. आई पाळीवर होती.)
३. सेविकेचा खुलासा : जोडलेला नाही. तो माझ्या घरी, मुलीच्या कपड्यांच्या खाली ठेवला आहे. आपला आदेश आला की मावशींच्या हातात देईन. फाडायचा की ठेवायचा ते त्या ठरवतील.